इब्रामपूरची न आलेली मालगाडी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इब्रामपूरहून मामीचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. इकडचं तिकडचं काही न विचारता थेट मुद्द्यावर आली. "रेल येतली म्हणटात रे बाबा, आमच्या कुळागरांतल्यान. तूं एकदां येवन पळे."

मला बोलावण्याचं कारण उघड होतं. माझी सारी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली. लोंढा, बेळगाव, हुबळी अशा ठिकाणी मी मालबाबू म्हणून राहिलो आणि २०१६ साली निवृत्त झालो. त्यामुळे घरात कुणाला रेल्वेचं तिकीट हवं असो की रेल्वेची बातमी, फोन मलाच येतो. मी कधी तिकीट खिडकीवर बसलेलो नाही, हे अजून कुणाला पटलेलं नाही. सौ. धारवाडची. ती फोन ऐकून म्हणाली, "होगि बन्नि. मामीनं सहसा कुणाला बोलावलेलं नाही." मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

तिलारीची वाट

बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा, तिलारीनगर आणि मग घाट. आपल्यापैकी पुष्कळ जण गोव्याला चोर्ल्यावरून जातात. पण पेडणे तालुक्याच्या या कोपऱ्यात जायचं तर तिलारीचा घाट सोयीचा. उतार मात्र असा की ब्रेकवरचा पाय उचलायची सोय नाही.

याच डोंगररांगेत जुना रामघाट आहे. मोटारी येण्याच्या पुष्कळ आधी बेळगाव आणि कोकणपट्टी यांच्यातला व्यापार रामघाटानं चाले. लमाणांचे बैलांचे तांडे खालून मीठ, खोबरं, सुपारी, सुकी मासळी घेऊन वर येत आणि वरून धान्य, गूळ, मिरची, कापड खाली नेत. बैलाच्या पाठीवर मोठी गोणी, गळ्यात घंटा. माझी आजी, म्हणजे आईची आई, सांगायची की तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी "वयलें मीठ" आणि "सकयलें मीठ" असा शब्दच नव्हता. मीठ खालचंच असायचं. वर फक्त ते खाणारे.

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आगरवाड्याला आजही मिठागरं आहेत. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला मिठाचे ढीग दिसतात. पूर्वी या भागातलं मीठ घाट चढून आपल्या मुलखात येई. ते का थांबलं, हे मला नोकरीत शिरल्यावर कळलं. त्या गोष्टीला रेल्वे कारण झाली, आणि ती रेल्वे इब्रामपूरपासून पुष्कळ दूर होती.

दोडामार्गावरून आडवाटेनं गोव्यात शिरलो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना काजू. बोंडांचा वास गाडीत भरला. इब्रामपूर आलं ते पाट्यांवरून कमी आणि सावलीवरून जास्त ओळखू आलं. चिऱ्यांची घरं, बांबूची बेटं, पोफळीच्या रांगा, मधून वाहणारं पाटाचं पाणी. मामीच्या अंगणात नवी सुपं टांगली होती. या गावच्या बांबूकामाला पंचक्रोशीत नाव आहे.

"बस. पयलीं उदक पी, मागीर रेल," मामी म्हणाली.

लाल रेघ

मामेभावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आतून एक कागद घेऊन आला. नकाशाची झेरॉक्स. त्यावर लाल पेनानं रेघ मारलेली होती. पेडणे स्टेशन, मोपाचा विमानतळ, तिथून इब्रामपूर आणि पुढे दोडामार्ग. एका जमीन दलालानं तो दिला होता. त्याचं म्हणणं असं, की मोपा विमानतळाला मालगाडीची फाट्याची लाईन येणार, ती तुमच्या कुळागरावरून जाणार. सरकारनं जमीन घेतली तर भाव कमी मिळेल, आत्ता मला विका तर चांगला देतो. जूनपर्यंत सांगा.

पुतण्याचा चेहरा मी पाहत होतो. त्याची मुलगी यंदा बेळगावला नर्सिंगला जाणार. फी, वसतिगृह मिळून मोठा आकडा होता, आणि तोही जूनच्या आत भरायचा. दलालाची तारीख आणि फीची तारीख एकच पडली होती. म्हणजे नुसता नकाशा वाचून भागणार नव्हतं. मी "विकू नका" म्हणालो आणि उद्या खरंच लाईन आली, तर नुकसान यांचं. "विका" म्हणालो आणि लाईन आली नाही, तर कुळागर गेलं ते गेलं.

मी म्हटलं, "मला एक दिवस द्या. आधी लाईन कशी जाते ते सांगतो. मग ठरवा."

लाईन कुठून जाते?

मालगाडीची लाईन गाव बघून जात नाही. तिला तीन गोष्टी लागतात. एका टोकाला भरपूर माल, दुसऱ्या टोकाला तो घेणारं बंदर किंवा कारखाना, आणि मधे इंजिनाला झेपेल असा चढ. आमच्याकडचीच गोष्ट घ्या.

धारवाड-हुबळीच्या कापसाला समुद्र गाठून द्यायचा, हा इंग्रजांचा जुना विचार. त्यासाठी कारवार बंदराचं नाव बरीच वर्षं चर्चेत होतं. पण १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि मुरगावचं नाव पक्कं झालं. मुरगावचं बंदर खोल आणि आडोशाचं. वेंगुर्ल्यासारखी उघडी बंदरं पावसाळ्यात बंद पडत. लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली, पोर्तुगीज सरकारनं तिला व्याजाची हमी दिली. मुरगाव ते सावर्डे हा भाग १८८७ च्या जानेवारीत सुरू झाला आणि १८८८ च्या फेब्रुवारीत रूळ हद्दीपर्यंत पोचले. पलीकडे कॅसलरॉकपासून सदर्न मराठा रेल्वे. त्याच सुमारास बेळगावलाही रेल्वे आली.

या तहात मीठही होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. गोव्यातल्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दर वर्षी ४ लाख रुपये मिळू लागले. ज्या तहानं रेल्वे दिली, त्याच तहानं मिठागरांवर पहारे बसले. तह १८९२ मध्ये संपला. पण तोवर व्यापारानं वाट बदलली होती. जो माल बैलाच्या पाठीवरून रामघाट चढत होता, तो आता डब्यांतून जाऊ लागला.

हिशेब साधा आहे. एका बैलाच्या पाठीवर साधारण एक क्विंटल धरा. आजच्या ब्रॉडगेजच्या मालगाडीला ५८-५९ डबे असतात आणि ती साडेतीन हजार टनांच्या आसपास माल ओढते. म्हणजे एका गाडीसाठी ३५ हजार बैल लागतील. मी हे सांगितलं तेव्हा मामी सुपारी कातरायची थांबली. म्हणाली, "आनी तांकां तण खंय मेळटलें?" खरंच, एवढ्या बैलांना चारा कुठून?

मग मी पुतण्याला विचारलं, "आपल्या कुळागरातली वर्षाची सुपारी, नारळ, केळी, मिरी किती?" तो म्हणाला, "पिकअपच्या काही फेऱ्या." मोपाच्या विमानतळावर ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि २०२३ च्या जानेवारीत विमानं सुरू झाली. पण विमानातून जाणारा माल म्हणजे मासळी, फुलं, औषधं. हा माल पेट्यांनी मोजतात, रेकनं नाही. उद्या पेडण्याहून मोपाला रूळ टाकायचे ठरले तरी पेडणे स्टेशन विमानतळाच्या पश्चिमेकडे आणि इब्रामपूर पूर्वेला. विमानतळ ओलांडून पुढे इकडे यायचं आणि घाटाच्या पायथ्याला थांबायचं, यात कुणाचा माल?

पुतण्या गप्प बसला नाही. ते मला आवडलं. तो म्हणाला, "काका, तिलारीचा कालवापण कित्येक वर्षं कागदावरच होता. सगळे हसायचे. पण पेडणे-डिचोलीकडे पाणी आलं ना?" याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

एक ते सदतीस

जेवण झाल्यावर ओटीवर पडलो. कॅसलरॉकच्या रात्री आठवल्या. कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरचा घाट. चढ एकास सदतीस, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेल्वेत हा भयंकर चढ समजतात. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरणार, पावसात घसरणार. म्हणून पुढे-मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. दूधसागर बघायला जाणाऱ्यांना धबधबा दिसतो. आम्हाला त्या दोन स्टेशनांमधला वेळ दिसायचा. गाडी कुठवर आली असेल, याचा.

एवढ्या कष्टानं बांधलेल्या लाईनला सुरुवातीला पुरेसा माल मिळाला नाही. पुणे-लोंढा रूळ जोडले गेल्यावर बेळगाव-हुबळीकडच्या मालाला थेट मुंबई मिळाली. व्यापारी मुंबईकडे वळले. हमी दिल्यामुळे व्याज पोर्तुगीज सरकारच्या गळ्यात पडलं आणि १९०२ मध्ये गाड्या चालवायचं कामही सदर्न मराठा कंपनीकडे गेलं. पुढे खनिजाचे दिवस आले, होस्पेट-बळ्ळारीची माती घाट उतरू लागली, तेव्हा या लाईनचं खरं नशीब उघडलं.

पण इथेही गंमत आहे. लाईन बांधली ती वरचा माल खाली आणायला. भरलेले डबे उतरणार, रिकामे चढणार, असा हिशेब. आता मुरगावला परदेशी कोळसा उतरतो आणि तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यांसाठी घाट चढतो. म्हणजे भरलेली गाडी चढावर. त्यासाठी दुसरा रूळ टाकायची योजना आली, आणि २०२० च्या नोव्हेंबरात चांदर गावी लोक रात्रभर रुळांवर बसले. आमच्या घरांच्या दारातून कोळसा नको, असं त्यांचं म्हणणं. पुढे ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मी रेल्वेचा माणूस. चढावर अडकलेली गाडी बघितली की दुसरा रूळ हवा असं मला वाटायचं. पण चांदरला घर असतं तर मीही रुळावर बसलो असतो, हेही खरं.

जी गाडी होती आणि थांबली

संध्याकाळी मामी मागच्या दारी घेऊन गेली. विहिरीजवळून एक पायवाट कुळागरातून वर डोंगराकडे जाते. लाल रेघ बरोबर तिच्यावरून मारली होती.

"तुज्या आवयची वाट," मामी म्हणाली.

माझ्या आईचं लग्न १९५३ सालचं. ती इब्रामपूरहून बेळगावला आली. पेडणे महाल १७८८ पासून पोर्तुगीजांकडे, तरी सोयरिकी कधी हद्द मानत नव्हत्या. मग १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह झाला. इथल्याच पत्रादेवीला गोळीबार होऊन माणसं पडली. भारतानं गोव्याशी रेल्वे वाहतूक बंद केली. कॅसलरॉकपर्यंत गाडी येई आणि परत फिरे. पुढचे रूळ होते, पूल होते, बोगदे होते, फक्त गाडी नव्हती. आईला माहेर तुटलं.

१९५८ च्या पावसाळ्यात तिचे वडील वारले. निरोप माणसाकरवी आला, तोही पंधरा दिवसांनी. तेव्हा मी दोन वर्षांचा. मला त्यातलं काही आठवत नाही. पण वडील नंतर सांगायचे की ती रडली नाही, सरळ स्टेशनवर गेली आणि गोव्याच्या गाडीचं तिकीट मागितलं. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "बाई, कॅसलरॉकपुढे गाडी नाही." ती म्हणाली, "मग कॅसलरॉकपर्यंतचं द्या." वडिलांनी समजूत घालून तिला घरी आणलं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच महिन्यात ती मला घेऊन निघाली. आंबोलीवरून सावंतवाडी, तिथून दोडामार्ग, पुढे चालत. मी पाच वर्षांचा. ही पायवाट मला तेव्हाची आठवते, कारण आई तिच्यावर पोचल्यावर धावायला लागली आणि मी मागे राहिलो. मागून येणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं मला उचलून घेतलं.

म्हणून रूळ आले म्हणजे माणसं जोडली गेली, असं मला सरसकट म्हणता येत नाही. रूळ होते तेव्हाही आम्ही तुटलो होतो, आणि जोडलो गेलो ते पायवाटेनं.

पेडण्याचा बोगदा

दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन मालप्याला पेडणे स्टेशनवर गेलो. म्हटलं, ज्या लाईनची गोष्ट करतोय ती एकदा डोळ्यांनी बघू.

कोकण रेल्वेचं काम १९९० ला सुरू झालं, त्यानंतर गोव्यात मार्गावरून मोठा वाद झाला. लाईन वस्तीतून आणि खाजणातून न नेता आतल्या डोंगराळ भागातून न्या, अशी मागणी होती. १९९३ मध्ये काही महिने काम थांबलं, न्या. ओझा यांचा आयोग नेमला गेला, आणि शेवटी मूळचाच मार्ग राहिला. त्यानंतरही पेडण्यानं गाडी अडवली ती जमिनीनं. इथे डोंगर कातळाचा नाही, पाण्यानं भिजलेल्या मऊ मातीचा. खणलं की ढासळे. सगळीकडचे रूळ तयार झाले तरी पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा मागे राहिला, आणि २६ जानेवारी १९९८ ला सलग लाईन सुरू झाली. तो बोगदा अजून अधूनमधून रुसतो. ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल आत आला. दोन्ही वेळा गाड्या मिरज-लोंढ्यावरून वळवल्या. कोकणच्या गाड्या आमच्या जुन्या लाईनवर पाहुण्या आल्या!

स्टेशनवर उभे होतो तेवढ्यात रोरो आली. सपाट डब्यांवर भरलेले ट्रक, वरती आपल्या केबिनमध्ये ड्रायव्हर निवांत. ही सेवा १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा सुरू झाली. २०२५ मध्ये तर लोकांच्या मोटारीही अशाच डब्यांवरून नेऊ लागले. पुतण्या बघत राहिला. म्हणाला, "काका, ही थांबली नाही." मी म्हटलं, "हेच तुला दाखवायचं होतं. लाईन जवळून गेली म्हणजे गाडी आपल्यासाठी थांबतेच असं नाही."

परतताना मी त्याला आपल्याकडच्या इतर रेघा सांगितल्या. अळणावर-दांडेलीचा फाटा लाकडासाठी टाकला, मग कागद कारखान्याच्या मालावर तगला. प्रवासी गाडी बंद पडून वर्षानुवर्षं नुसत्या मालगाड्या चालल्या आणि २०१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तिथे माल होता म्हणून फाटा जगला. मिरज-कोल्हापूर १८९१ ला झाली, कोल्हापूर संस्थानच्या पैशांनी. तिथे गूळ होता. उलट हुबळी-अंकोला १६४ किलोमीटरची लाईन १९९० च्या दशकाच्या अखेरीस मंजूर झाली, खनिज बंदरात न्यायला. ती जंगलाच्या प्रश्नावर अडली. कापसाच्या काळात ज्या किनाऱ्याची चर्चा होती, तिथे दीडशे वर्षांनीही हुबळीहून रूळ पोचलेले नाहीत. कोल्हापूर-वैभववाडी २०१६ मध्ये मंजूर झाली, गाडी अजून धावायची आहे. बेळगाव-सावंतवाडीची मागणी तर मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. घाट उतरायचा म्हणजे पैसा आणि माल दोन्ही प्रचंड लागतं, आणि आता जंगलही मधे उभं राहतं.

"मग कालव्याचं काय?" त्यानं पुन्हा विचारलं.

एव्हाना मला उत्तर सुचलं होतं. "कालवा आला, कारण पाणी धरणात आधीच होतं आणि दोन्ही राज्यांना ते हवं होतं. तुझ्या लाल रेघेच्या टोकाला काय आहे ते मला दाखव."

निकाल

रात्री ओटीवर बैठक बसली. मी माझं म्हणणं नीट मांडलं. रेल्वेला जमीन हवी असेल तर आधी राजपत्रात सूचना येते, सर्व्हे नंबर छापले जातात, हरकतीला मुदत मिळते, मोबदला कायद्यानं ठरतो. दलालाच्या झेरॉक्सवर कधी सर्व्हे नंबर नसतो. पंचायतीत आणि मामलेदार कचेरीत विचारा. अशी सूचना नसेल तर या रेघेच्या भीतीनं जमीन विकू नका. उद्या पैशांच्या गरजेनं विकावीशी वाटली तर जरूर विका, पण ती गरजेची विक्री असेल, रेल्वेची नव्हे.

पुतण्या म्हणाला, "गरज तर आहेच ना, काका."

मी म्हणालो, मी मदत करतो. निवृत्तीच्या पैशातली एक ठेव मे महिन्यात सुटते. मामी इतका वेळ शांत होती. तिनं हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"दान नाका. उश्णें दी," ती म्हणाली. आणि पुतण्याला सांगितलं की दर वर्षी सुपारीच्या हंगामानंतर किती द्यायचं ते आत्ताच कागदावर लिहून काढ. पोरगी शिकून नोकरीला लागली की तीही फेडील. पुतण्याच्या मुलीनंच ते लिहिलं, दलालाच्या नकाशाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर. तिच्या हाताशी तेवढाच कागद होता.

तिनं नंतर मला हळूच विचारलं, "आजोबा, तिथे कन्नड आलंच पाहिजे का?" मी म्हटलं, "वॉर्डात येणाऱ्या आजीबाईंना तुझं इंग्रजी कळायचं नाही. रविवारी आमच्याकडे ये. घरात शिकवणारी आहे."

माझा सल्ला चुकीचाही ठरू शकेल. दहा वर्षांनी कुणी मोजमापाची साखळी घेऊन त्या पायवाटेवर उभा राहिला, तर पुतण्या मला आठवेल. ते ओझं मी घेतलं आहे. पण आजच्या घडीला जे ठाऊक आहे त्यावरून मी तेच सांगेन.

सकाळी निघताना मामीनं गाडीची डिकी भरली. दहा नारळ, सुपारीची पिशवी, सुकवलेले बांगडे वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, एक सूप, आणि पुतण्यानं आदल्या दिवशी आगरवाड्याहून आणलेलं पाच किलो मीठ. जाडं, करड्या रंगाचं. तिलारीच्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डिकीतल्या मालात सूप सोडलं तर रामघाटच्या तांड्यांनी नेलं नसेल असं काही नाही.

घरी पोचलो. सौ.नं दार उघडताच आधी पिशव्यांकडे बघितलं.

"उप्पु तंद्रा?"

मी म्हटलं, "तंदे." तिनं चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं आणि लोणच्याच्या कैऱ्या काढायला आत गेली.